बोटीच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक: कोणता घ्यायचा, कसा बसवायचा, कुठे फसतो

नागपूरहून मनसरमार्गे रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर बोट न्यायची, तर रस्ता बहुतेक सरळ आणि चांगला आहे. ब्रेकची गरज नेमकी अशाच रस्त्यावर पडते, कारण इथे वेग सहज वाढतो. १८ फुटी फायबरची बोट, ६० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, भरलेली पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर आणि खुद्द ट्रेलर, असं सगळं मिळून वजन १,४०० किलोच्या आसपास जातं. हे वजन ताशी ६० किलोमीटरने धावत असताना थांबवायचं, तर साधारण १.९४ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात कुठेतरी जिरवावी लागते. वेग ८० असेल तर हाच आकडा ३.४६ लाखांवर जातो. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला की हा सगळा भार ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर येतो. शिवाय ट्रेलर मागून ढकलत राहतो. सरळ रस्त्यावर त्यामुळे थांबायला जास्त अंतर लागतं. वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर मात्र गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलला जातो आणि गाडी-ट्रेलर कोनात दुमडतात.

ट्रॅक्टरची ट्रॉली बिनब्रेकची चालते, मग बोटीला कशाला, असं आपल्याकडे सर्रास विचारलं जातं. ट्रॉली चालते ती ट्रॅक्टरच्या वेगाने, आणि पुढचा ट्रॅक्टरही चांगलाच जड असतो. बोटीचा ट्रेलर ओढणारी एसयूव्ही हायवेच्या वेगाने धावते आणि तिचं वजन मागच्या ओझ्यापेक्षा फार जास्त नसतं. त्यामुळे ट्रॉलीचा हिशेब इथे लागू पडत नाही.

कागदपत्रांचं काम आधी उरका. ट्रेलर हे स्वतंत्र नोंदणीचं वाहन आहे. एकूण वजन ७५० किलोपर्यंत, त्यापुढे ३.५ टनांपर्यंत, असे त्याचे वेगवेगळे वर्ग पडतात. नोंदणी झालेल्या वाहनात फेरफार करताना मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ बघावं लागतं. एक्सल बदलणार असाल किंवा ब्रेक नव्याने बसवणार असाल, तर सामान मागवण्याआधी आरटीओत विचारून घ्या. तसंच गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता किती दिली आहे ते पाहा. ट्रेलरला ब्रेक लावला म्हणून ती क्षमता वाढत नाही.

आत नेमकं काय घडतं

इलेक्ट्रिक ब्रेक म्हणजे वीज शूला, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या वक्र पट्टीला, दाबते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वीज फक्त सुरुवात करून देते, दाबण्याची ताकद फिरणाऱ्या चाकातूनच येते. चाकासोबत फिरणारा ड्रम काढून आत पाहिलं की हे लगेच कळतं. मागच्या प्लेटवर दोन शू असतात, वर एक टेकण आणि खाली शूचं अंतर ठरवणारं, ताऱ्यासारख्या दात्यांचं अ‍ॅडजस्टर चाक. एका लोंबत्या दांडीच्या टोकाला काडेपेटीपेक्षा थोडा मोठा विद्युतचुंबक बसवलेला असतो आणि त्यातून दोन वायरी निघतात. ड्रमच्या आतल्या बाजूला घासून गुळगुळीत केलेला सपाट लोखंडी पृष्ठभाग असतो. चुंबकाचं तोंड सतत त्याला हलकं टेकलेलं असतं.

तुम्ही ब्रेक दाबला की गाडीत चालकाजवळ बसवलेला कंट्रोलर चुंबकात करंट सोडतो. चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्यासोबत ओढला जातो आणि दांडीला तिरपं करतो. दांडीचं वरचं टोक पुढच्या शूला ड्रमवर दाबतं. तो शू ड्रमसोबत किंचित फिरतो आणि खालच्या अ‍ॅडजस्टरमार्फत मागच्या शूला रेटतो. म्हणजे एका चुंबकाच्या ३ अँपिअर करंटवर चाकच स्वतःला थांबवतं.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात, आणि बसवणाऱ्याने त्या पाठ करून ठेवाव्यात. पहिली, उभ्या चाकाला हा ब्रेक धरत नाही, चाक थोडं फिरलं तरच पकडतो. म्हणून तलावाच्या उतारावर त्याच्या भरवशावर ट्रेलर सोडायचा नाही, चाकामागे लाकडी ठोकळे हवेतच. दुसरी, उलट्या दिशेने तो कमी ताकदीने लागतो. तिसरी, डावा आणि उजवा संच वेगळा असतो. आखूड लायनरचा, म्हणजे घासणाऱ्या थराचा, शू गाडीच्या दिशेला, म्हणजे पुढे हवा आणि लांब लायनरचा मागे. संच अदलाबदल झाले तर ब्रेक लागतो, पण अर्धवट, आणि मग लोक दिवसभर वायरिंग तपासत बसतात.

पाणी कोणतं, यावर निवड ठरते

आधी वजन मोजा, अंदाज नको. कळमन्याच्या बाजारासारख्या ठिकाणी धरमकाटा सहज सापडतो. बोट, इंधन, जॅकेटं, दोर, सगळं भरून ट्रेलर गाडीपासून सोडवा आणि एकटा काट्यावर उभा करा. हुकावर येणारा भार मात्र मोठ्या काट्यावर नीट कळत नाही, कारण त्याचे टप्पेच मोठे असतात. त्यासाठी घरातला माणसांचा वजनकाटा घ्या. गाडीच्या हुकाच्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या कपलरच्या खाली, बॉलच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करून त्यावर ट्रेलरचं नाक टेकवा. बोटीसाठी हा भार एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के असावा, म्हणजे १,४०० किलोला साधारण १०० ते १४० किलो. काट्याची मर्यादा आधी बघून घ्या. भार यापेक्षा कमी असेल तर ट्रेलर डोलतो, आणि ते कोणत्याही ब्रेकने बरं होत नाही. बोट पुढे सरकवावी लागते.

आता पर्याय. हुकाच्या धक्क्याने चालणारा ओव्हररन ब्रेक विजेशिवाय चालतो. गाडी थांबते, ट्रेलर पुढे दाबला जातो, त्या दाबाने ब्रेक लागतो. पण चढाच्या दिशेने मागे घेताना तोही दाबच असतो, त्यामुळे ब्रेक लागू नये म्हणून अडकण लावावी लागते. उतारावर तो सतत घासत राहतो. आणि चालकाला ट्रेलरचा ब्रेक वेगळा लावण्याची सोय त्यात नसते. ही सोय किती मोलाची आहे, ते ट्रेलर डोलायला लागला की समजतं. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नसतो. कंट्रोलरचा हाताचा दांडा हळू सरकवून फक्त ट्रेलरला मागे ओढायचं, म्हणजे तो सरळ होतो. इलेक्ट्रिक ब्रेक घेण्यामागचं सर्वात मोठं कारण आमच्या मते हेच.

याच्या विरोधातला मुद्दाही खरा आहे. बोटीचा ट्रेलर पाण्यात जातो. ड्रम पूर्ण बुडतो, शू आणि स्प्रिंगा गंजतात, चुंबकाच्या वायरीत ओल शिरते. समुद्राच्या पाण्यात हे फार वेगाने होतं. म्हणून मालवण-अलिबागच्या बाजूला वारंवार जाणार असाल, तर साधा इलेक्ट्रिक ड्रम घेऊ नका. तिथे इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक घ्या. त्यात विजेवर चालणारा पंप ट्रेलरच्या नाकाजवळ, पाण्याच्या वर बसतो आणि चाकाला गंजरोधक डिस्क असते. मात्र पंप डिस्कसाठीचाच मागा. डिस्कला सुमारे १,६०० पीएसआय दाब लागतो, ड्रमसाठीचे पंप १,००० पीएसआयचे असतात, आणि तो चुकून लावला तर ब्रेक कायम ढिलाच राहतो.

विदर्भातलं पाणी गोडं आहे. खिंडसी असो की वैनगंगेवरचं गोसीखुर्द, मीठ नाही. पण गाळ आहे. काळ्या मातीचा बारीक गाळ ड्रममध्ये शिरतो आणि वाळला की चुंबक आणि ड्रम यांच्यामध्ये कडक पोपडा धरतो. तरीही वर्षाला दहा-वीस वेळा गोड्या पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरसाठी इलेक्ट्रिक ड्रम हाच नागपूरकराला परवडणारा आणि इथल्या इथे दुरुस्त होणारा पर्याय आहे. अट एवढीच की बाहेर काढल्यावर तो धुवायचा आणि सुकवायचा.

माप आणि सामान

ब्रेकचं माप एक्सलच्या क्षमतेवरून ठरतं. सुमारे ९०० किलोच्या एक्सलला ७ इंची ड्रम येतो. सुमारे १,६०० किलोच्या एक्सलला १० इंच व्यासाचा आणि सव्वादोन इंच रुंदीचा, आणि त्यापुढे २,३०० किलोपासून १२ इंची. आपल्या १,४०० किलोच्या उदाहरणाला १० इंची योग्य. त्यासाठी रिम १४ इंची असली की चिंता नाही. १३ इंची असेल तर आतलं माप घेतल्याशिवाय सामान मागवू नका.

एका एक्सलसाठी लागतं ते असं: डावा-उजवा ब्रेक संच, चुंबक टेकायच्या सपाट पृष्ठभागासह आलेले दोन ड्रम-हब, आतली-बाहेरची बेअरिंगं, दोन ऑइल सील, दोन स्प्लिट पिन, पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस, कंट्रोलर, २० अँपिअरचा आपोआप जोडला जाणारा सर्किट ब्रेकर, वायर, प्लग-सॉकेट, आणि ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच त्याच्या बॅटरीसह. संच, चुंबक आणि कंट्रोलर बहुतेकदा बाहेरून मागवावे लागतात. बेअरिंगचं तसं नाही. १० इंची हबमध्ये सहसा आत एल६८१४९ आणि बाहेर एल४४६४९ या नंबरची बेअरिंगं असतात. नंबर बेअरिंगवर कोरलेला असतो, तो वाचून इथल्या दुकानात विचारा. एक जोडी आणि एक सील कायम गाडीत ठेवा. ट्रेलर हायवेवर अडतो तो बहुधा बेअरिंगपायीच.

जुन्या एक्सलला ब्रेकची प्लेट बोल्ट करायला चार भोकांचा फ्लँज आहे का पाहा. नसेल तर वेल्डिंग करून बसवता येतो, पण तो स्टबला, म्हणजे हब बसतो त्या एक्सलच्या टोकाला, अगदी काटकोनात हवा. थोडा जरी तिरपा बसला तरी शू एका कडेने घासतात. गॅल्व्हनाइज्ड एक्सलवर वेल्डिंग करण्याआधी जस्ताचा थर घासून काढावा लागतो, नाहीतर त्याचा धूर विषारी असतो आणि जोडही कच्चा राहतो. हिंगणा एमआयडीसीत चांगले कारागीर आहेत, तरी फ्लँज आधीच लावलेला नवा एक्सल घेणं आम्हाला जास्त पटतं. ब्रेकच्या जोडावर काटकसर नको.

ड्रम बसवताना

ट्रेलर सपाट जागी, गाडीला जोडलेला. दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे. जॅकने उचलून एक्सलखाली स्टँड, नुसत्या जॅकवर काम नाही. जुना हब काढला की स्टबवर सील बसते ती जागा बोटाने चाचपा. तिथे गंजाचा खड्डा लागला तर नवं सीलही गळणार. बारीक पॉलिश पेपरने न निघणारा खड्डा असेल तर तिथेच थांबा आणि एक्सलचा विचार करा.

ब्रेक प्लेट लावताना आखूड लायनर पुढे, अ‍ॅडजस्टर खाली. नट स्प्रिंग वॉशरसह आवळा. चुंबकाच्या वायरी मागच्या भोकातून काढताना रबरी ग्रोमेट आहे ना हे पाहा. दांडी हाताने पुढे-मागे हलवून वायर कुठे ताणली जात नाही ना, तेही बघा. नव्या ड्रमला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ब्रेक क्लीनरने ते दोनदा पुसा. ग्रीसचा हात लायनरला किंवा चुंबकाच्या तोंडाला लागू देऊ नका. लायनरने एकदा ग्रीस प्यायलं की ते धुऊन निघत नाही, दोन्ही चाकांचे शू बदलावे लागतात.

बेअरिंगमध्ये ग्रीस वरवर चोपडायचं नसतं. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, पलीकडून रोलरच्या फटींतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. ड्रम चढवून नट साधारण ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, आवळताना ड्रम फिरवत राहा. मग ड्रम न हलवता नट पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी घट्ट करून स्प्लिट पिन घाला. पान्याने आवळून तसंच ठेवलेलं बेअरिंग ३०-४० किलोमीटरमध्ये तापून निळं पडतं. बाहेरून पंपाने ग्रीस भरायची टोपी असेल तर थोडंच भरा. जास्त दाबलेलं ग्रीस आतलं सील ओलांडून थेट लायनरवर जातं.

शूचं अंतर ठेवायला प्लेटच्या मागे खाली एक खाच असते. त्यातून स्क्रू ड्रायव्हरने दात्यांचं चाक फिरवा, ड्रम हाताने फिरवणं जवळपास अशक्य होईपर्यंत. मग उलट फिरवत या. ड्रम मोकळा फिरतो आहे आणि कुठेतरी हलकी खसखस ऐकू येते, तिथे थांबा. हे करताना ड्रम पुढच्या दिशेनेच फिरवायचा.

वायरिंग: खरा घोळ इथेच

इलेक्ट्रिक ब्रेक नीट लागत नाही अशी तक्रार आली की ड्रम उघडण्याआधी वायर बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो आणि कारण साधं आहे. दिव्यांना जाणाऱ्या बारीक वायरमधूनच ब्रेकचा करंट नेलेला असतो.

हिशेब करून पाहा. दोन चुंबकांचे मिळून ६ अँपिअर. कंट्रोलरपासून ट्रेलरच्या चाकापर्यंत १२ मीटर, परतीचे १२, असे २४ मीटर. १.५ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर वाटेतच जवळपास १.९ व्होल्ट जातात. २.५ ची घातली तर १.१५. ४ ची घातली तर ०.७ आणि ६ ची घातली तर अर्ध्या व्होल्टच्या आत. म्हणजे १.५ च्या वायरवर चुंबकाला १२ ऐवजी १० व्होल्टच मिळतात आणि ब्रेक कायम मऊ वाटतो. दोन चाकांना ४ चौरस मिलिमीटर, चार चाकांना ६, यापेक्षा कमी जाऊ नका. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची मरीन वायर मिळाली तर तीच घ्या. साधी वायर पाण्याच्या ओलीने आतून हिरवी-काळी पडत जाते.

चुंबकाच्या दोन वायरींना प्लस-मायनस नसतं. एक ब्रेकच्या फीडला, दुसरी अर्थिंगला. दोन्ही चाकं समांतर जोडायची, एकामागोमाग एक नाही. अर्थिंगसाठी ट्रेलरच्या सांगाड्यावर आणि हुकाच्या बॉलवर अवलंबून राहू नका. बॉलवर ग्रीस असतं, कपलर गंजतो, आणि रस्त्यातल्या प्रत्येक धक्क्याला जोड तुटतो-जुळतो. दोन्ही चाकांपासून स्वतंत्र पांढरी वायर प्लगपर्यंत न्या. सांगाड्यालाही एक अर्थ द्या, पण तो जोडीला.

ब्रेक प्लेटच्या मागचा जोड दर वेळी पाण्याखाली जाणार आहे, हे धरून चाला. तिथे काळी टेप चालत नाही. तिचा डिंक पाण्याने आणि मे महिन्याच्या उन्हाने सुटतो. क्रिम्प करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह घाला आणि गरम करताना दोन्ही टोकांतून गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. वायर फोडून वर चाप बसवणारे चिमटा कनेक्टर तर बोटीच्या ट्रेलरवर नकोतच. वायर सांगाड्याच्या वरच्या बाजूने न्या आणि एक्सलवर उतरताना पाटे पूर्ण दबले तरी ताण येणार नाही इतका सैल वळसा सोडा.

गाडीच्या बाजूला कंट्रोलरच्या सहसा चार वायरी असतात. काळी थेट बॅटरीच्या प्लसला, मध्ये २० अँपिअरचा सर्किट ब्रेकर. पांढरी थेट बॅटरीच्या मायनसला, डॅशबोर्डखालच्या कुठल्याही स्क्रूला नाही. लाल ब्रेक पेडलच्या स्विचला, पेडल दाबल्यावरच जिवंत होणाऱ्या बाजूला. निळी मागच्या सॉकेटकडे. नव्या गाड्यांत मागचे दिवे कॉम्प्युटरमार्फत पेटतात आणि तिथे मिळणारा सिग्नल तुकड्यातुकड्यांचा असू शकतो. म्हणून लाल वायर मागच्या दिव्यावरून नको, पेडलच्या स्विचवरूनच घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरशी आधी बोलून घ्या.

कंट्रोलर दोन जातींचे. एक, पेडल दाबल्यापासून ठरावीक वेळात ठरावीक जोर देणारा. दुसरा, गाडी किती जोरात थांबते आहे ते मोजून त्याच प्रमाणात जोर देणारा. दुसराच घ्या. समोर अचानक गुरं आली तर पहिल्या प्रकारातला कंट्रोलर तेवढ्याच संथपणे जोर वाढवतो जेवढा सिग्नलवर थांबताना वाढवतो. प्रमाणात चालणारा कंट्रोलर मात्र हलणाऱ्या प्लॅस्टिकवर लावू नका आणि त्याचा रोख गाडीच्या दिशेला सरळ ठेवा, नाहीतर त्याचं मोजमापच चुकतं.

प्लगबद्दल एक इशारा. युरोपीय पद्धतीच्या गोल सात पिनांच्या सॉकेटमध्ये इलेक्ट्रिक ब्रेकसाठी पिनच नसते. त्यातली दोन नंबरची निळी वायर मागच्या फॉग दिव्याची असते. अमेरिकी पद्धतीत निळी वायर ब्रेकची. रंग पाहून निळ्याला निळी जोडली की फॉग दिवा लावल्याबरोबर ट्रेलरचा ब्रेक पूर्ण दाबला जातो आणि लायनर जळेपर्यंत कळत नाही. चपट्या पात्यांचं अमेरिकी सातचं सॉकेट स्वतंत्र बसवा आणि प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासा. रंगावर भरवसा नको.

ट्रेलर सुटला तर

ब्रेकअवे स्विचमध्ये एक पिन असते आणि तिला पोलादी दोरी. ट्रेलर गाडीपासून सुटला की दोरी पिन उपसते आणि ट्रेलरवरची १२ व्होल्टची छोटी बॅटरी ब्रेकला पूर्ण करंट देते. तिने किमान १५ मिनिटं ब्रेक धरून ठेवावा, असा अमेरिकेतला नियम आहे आणि तो आपणही पाळावा. ६ अँपिअर पाव तास म्हणजे दीड अँपिअर-तास. तरी ५ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी घ्या, कारण एवढ्या जोराने करंट काढला की बॅटरी आपली छापील क्षमता पूर्ण देत नाही. दोरी गाडीच्या चासिसला स्वतंत्र अडकवा. बॉलच्या पट्टीला किंवा सेफ्टी चेनला अडकवली तर पट्टीच निसटल्यावर तीही सोबत जाते. सर्वात तीव्र वळणावरही दोरीला ताण येऊ नये, एवढी तिची लांबी ठेवा. पिन उपसून चाचणी घेताना गाडीचा प्लग आधी काढा, नाहीतर बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये शिरून तो खराब होऊ शकतो.

जुळवणी

नवे लायनर ड्रमवर सगळीकडे टेकत नाहीत, ते रुळवावे लागतात. पहाटे आउटर रिंग रोडचा मोकळा पट्टा गाठा, मागे कोणी नाही हे पाहा. साधारण ६५ च्या वेगावरून फक्त हाताच्या दांड्याने ३० पर्यंत या. असं २० ते ३० वेळा, दर दोन वेळांमध्ये किमान एक मिनिट चालवून ड्रम थंड होऊ द्या. मग भरलेल्या ट्रेलरसह कोरड्या सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाने दांडा पूर्ण दाबा आणि ट्रेलरची चाकं घासू लागेपर्यंत गेन, म्हणजे कंट्रोलरवरचं ब्रेकच्या जोराचं सेटिंग, वाढवा. तिथून किंचित मागे आणा, ते तुमचं सेटिंग. रिकाम्या ट्रेलरला आणि ओल्या रस्त्यावर ते कमी करावं लागतं. चाकाचे नट पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा आवळा. शू ३०० किलोमीटरवर पुन्हा जुळवा आणि नंतर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा.

पुढे कधी शंका आली तर निळ्या वायरमध्ये अ‍ॅमीटर घालून दांडा पूर्ण दाबा. १० इंची दोन ब्रेकना ६ च्या आसपास दिसलं तर वीज ठीक आहे, दोष ड्रममध्ये शोधा. ३ दिसलं तर एक चाक मेलं आहे. शून्य दिसलं तर फीड किंवा अर्थिंग तुटलंय. ६ पेक्षा बरंच जास्त दिसलं तर कुठेतरी वायर सोलली आहे. सुटा चुंबक तपासताना त्याच्या दोन वायरींमध्ये ३ ते ४ ओहम मिळायला हवेत आणि वायर व चुंबकाचं लोखंड यांच्यात काहीच जोड नको. चुंबकाच्या तोंडावर तांब्याची तार दिसू लागली की तो बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

पाण्यातून बाहेर आल्यावर

तलावावर पोचल्याबरोबर ट्रेलर पाण्यात घालू नका. हब गरम असतो. गार पाण्यात तो एकदम आकसतो, आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. हाताला हब कोमट लागेपर्यंत थांबा, उन्हाळ्यात यात अर्धा तासही जातो. पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा. बोट चढवून बाहेर आलात की मागच्या खाचेतून स्वच्छ पाण्याची संथ धार सोडून गाळ काढा. प्रेशर गन नको, ती पाणी थेट सीलवर मारते. मग प्लग जोडा आणि रस्त्यावर आल्यावर पहिल्या किलोमीटरमध्ये दांडा हलका दाबत चार-पाचदा ब्रेक सुकवा. पहिले एक-दोन ब्रेक झटक्याने लागतात, तो ड्रमवरचा ताजा गंज असतो, थोड्या वेळात निघून जातो. हंगामात एकदा बेअरिंग उघडा. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. सील बदला, ग्रीस पूर्ण काढून नवं भरा.

बचावकार्यासाठी ठेवलेल्या बोटींच्या ट्रेलरकडे यापेक्षाही जास्त लक्ष हवं. ते वर्षभर शेडमध्ये उभे असतात आणि एका रात्रीत लागतात. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा शहरातच बोटी काढाव्या लागल्या. उभ्या ट्रेलरचे शू ड्रमला गंजाने चिकटतात आणि ब्रेकअवेची बॅटरी नागपूरच्या ४५ अंशांच्या शेडमध्ये लवकर संपते. महिन्यातून एकदा ट्रेलर जोडून दोन किलोमीटर ओढा, दांड्याने दहा वेळा ब्रेक लावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात बॅटरी मोजा. उभ्याने १२.६ व्होल्ट हवेत. प्लग काढून, पिन उपसून एक मिनिट भार दिल्यावर ११ च्या खाली उतरली तर त्याच दिवशी नवी घाला, आणि पिन परत जागेवर बसली आहे ना, ते हाताने ओढून पाहा.